शिवाजी विद्यापीठाची संशोधन आणि स्टार्टअप मदत: कुणाला किती उपयोगाची

विद्यापीठाकडून मिळणाऱ्या मदतीबद्दल कोल्हापुरात दोनच मतं ऐकू येतात. एक, 'तिथं सगळं कागदावर आहे'. दुसरं, 'आमच्या सरांना मोठा प्रोजेक्ट मिळाला, तुम्हालाही मिळेल'. हातात फाईल घेऊन विद्यानगरच्या गेटातून आत शिरणाऱ्या माणसाला दोन्हींचा काडीचा उपयोग नाही. त्याला हवं असतं एवढंच: कोणत्या कामासाठी जावं, कधी जावं, आणि काम अडतं ते नेमकं कुठं.

आमचं मत आधीच सांगतो. उपकरणांसाठी निःशंक जा. पहिल्या छोट्या निधीसाठी जरूर जा. पेटंटसाठी पेपर पाठवण्याआधी जा. आणि स्टार्टअपसाठी जाणार असाल तर कंपनी काढण्याआधी जा, काढून झाल्यावर नव्हे.

१९६२ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाकडे कोल्हापूर, सांगली आणि सातारा असे तीन जिल्हे आहेत. नॅक या मूल्यांकन संस्थेच्या २०२१च्या फेरीत 'ए प्लस प्लस' श्रेणी मिळाली. ही श्रेणी केवळ फलकावर लावायची गोष्ट नव्हे, कारण बऱ्याच केंद्रीय योजनांच्या अर्जात संस्थेची श्रेणी विचारतात. पण गडहिंग्लज, इस्लामपूर किंवा कराडच्या संलग्न महाविद्यालयातून अर्ज करणाऱ्यांनी विद्यापीठाच्या श्रेणीवर विसंबू नये. तिथं महाविद्यालयाची स्वतःची कागदपत्रं मोजली जातात, विशेषतः यूजीसी कायद्याच्या २(एफ) आणि १२(बी) कलमांखालची मान्यता. बारा-बी, म्हणजे केंद्रीय अनुदानास पात्र असल्याची मान्यता, नसेल तर कितीतरी दारं अर्जाच्या पहिल्याच पानावर बंद होतात. प्राचार्यांच्या कपाटातून ते पत्र आधी काढून घ्या आणि मग प्रस्ताव लिहायला बसा.

सगळ्यात दमदार बाजू उपकरणांची. सैफ-सीएफसी या सामाईक केंद्रात महागडी विश्लेषण उपकरणं एका छताखाली आहेत आणि शुल्क भरून बाहेरच्यांनाही सॅम्पल तपासून घेता येतात. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि नॅनोसायन्सच्या विभागांत पातळ थर आणि फेराइट (लोहयुक्त चुंबकीय पदार्थ) यांवर वर्षानुवर्षं काम झालं आहे. त्यामुळे यंत्रासमोर बसणाऱ्याला सॅम्पल म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. मुंबई-पुण्याला सॅम्पल कुरिअर करून महिनाभर वाट बघण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

काम बिघडतं ते बहुतेक वेळा सॅम्पल देणाऱ्याकडून. स्फटिकरचना तपासणाऱ्या एक्सआरडीसाठी पावडर बारीक आणि कोरडी हवी, साधारण अर्धा ते एक ग्रॅम असली की निभतं. खलबत्त्यात नीट न घोटलेली पावडर दिली तर आलेखातली काही शिखरं उगाच मोठी दिसतात आणि गाईड-विद्यार्थी दोघंही स्फटिकांच्या नव्या मांडणीच्या, 'ओरिएंटेशन'च्या, आनंदात पेपर लिहू लागतात. पृष्ठभागाचं क्षेत्रफळ मोजणाऱ्या बीईटी चाचणीला शंभर-दोनशे मिलिग्रॅम लागतं, आणि फॉर्मवर 'डीगॅसिंग तापमान' (सॅम्पल तापवून त्यात अडकलेले वायू काढण्याचं तापमान) हा रकाना असतो. तो रिकामा सोडू नका. तुमचा पदार्थ दोनशे अंशांना विघटित होत असेल आणि यंत्रावर तीनशे अंश लावले गेले, तर मोजमाप तुमच्या सॅम्पलचं न होता त्याच्या राखेचं होतं. म्हणून आधी टीजीए (तापवताना वजन किती घटतं ते मोजणारी चाचणी) करून घ्यायचं, त्याला दहा-वीस मिलिग्रॅम पुरतं, आणि ते आकडे पाहून तापमान लिहायचं.

फेराइटवाल्यांसाठी वेगळी सूचना. चुंबकीय पावडर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात सैल नेली तर कण उडून वरच्या भिंगाला चिकटतात. असं एकदा झालं की दुरुस्तीचं बिल आणि बंद यंत्र, दोन्ही सगळ्यांच्या वाट्याला येतं. 'सॅम्पल चुंबकीय आहे' हे फॉर्मवर ठळक लिहा आणि कार्बन टेपवर पातळ थर देऊन सुटे कण फुंकून काढा. हे लपवून स्लॉट मिळवणारे महाभाग असतात. ऑपरेटर चिडला तर चूक त्याची नाही.

उद्योजकांनी एक फरक ध्यानात ठेवावा. संशोधनासाठीचा अहवाल आणि कायद्याच्या कामाचा अहवाल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गुळातलं सल्फर डायऑक्साइड सत्तर पीपीएमच्या मर्यादेत आहे का, हे प्रक्रिया सुधारण्यासाठी कुठल्याही चांगल्या प्रयोगशाळेत बघता येईल. पण निर्यातदाराला किंवा अन्नसुरक्षा खात्याला दाखवायचा कागद त्या चाचणीसाठी एनएबीएल या राष्ट्रीय मंडळाची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेचाच लागतो. प्रत्येक चाचणीची मान्यता वेगळी असते. 'लॅबला मान्यता आहे' एवढ्या उत्तरावर पैसे भरू नयेत, मान्यतेच्या यादीत आपली चाचणी आहे का ते बघावं. खाजगी कंपनीच्या चाचणी शुल्कावर १८ टक्के जीएसटी लागतो, तोही हिशेबात धरावा.

आता निधी. विद्यापीठाच्या स्वतःच्या छोट्या योजना आहेत. इथल्या शोधनिबंधांच्या शेवटी आभारात 'रिसर्च स्ट्रेंदनिंग' आणि 'डायमंड ज्युबिली रिसर्च इनिशिएशन' ही नावं दिसतात ती याच योजनांची. नव्यानं लागलेल्या शिक्षकाला या रकमेतून मोठं यंत्र घेता येणार नाही, पण रसायनं, काचसामान आणि चाचण्यांचं शुल्क निघतं. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे प्राथमिक निष्कर्ष हातात येतात. केंद्रीय प्रस्तावाचं परीक्षण करणारा पहिला प्रश्न विचारतो तो हाच: यातलं थोडं तरी करून बघितलं आहे का? छोटा निधी त्या उत्तरासाठी घ्यायचा. तो घेऊन दोन पेपर काढून मोकळे होणारे बरेच, पण त्याच्या जोरावर मोठ्या निधीचं दार ठोठावणारे थोडे. इथं दोष योजनेचा नाही.

मोठा निधी म्हणजे आता अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन. २०२३च्या कायद्यानं ही संस्था आली आणि विज्ञान संशोधनाला निधी देणारं जुनं 'सर्ब' मंडळ तिच्यात विलीन झालं. तरुण शिक्षकांसाठीच्या पंतप्रधान अर्ली करिअर अनुदानात तीन वर्षांसाठी साठ लाखांपर्यंत, शिवाय संस्थेचा ओव्हरहेड (वरखर्च), अशी तरतूद आहे. प्रस्ताव लिहायला मदत करणारे अनुभवी लोक कॅम्पसवर आहेत, विज्ञान विभागांत तर हमखास. पण विज्ञान चांगलं लिहिलेले प्रस्तावही बजेटच्या पानावर घसरतात. तिथं काय होतं ते जरा सविस्तर.

उपकरणाचं कोटेशन वीस लाखांचं असतं आणि प्रस्तावातही वीस लाखच लिहिले जातात. संशोधन संस्थांना मिळणारी पाच टक्के जीएसटीची सवलत जुलै २०२२ मध्ये रद्द झाली आणि आज बऱ्याच उपकरणांवर १८ टक्के लागतात. म्हणजे प्रत्यक्ष बिल २३ लाख ६० हजार. वरचे तीन लाख साठ हजार कुठून आणणार? मंजूर रकमेत ते बसत नाहीत, दुसऱ्या हेडमधून (खर्चाच्या सदरातून) वळवता येत नाहीत, आणि मग यंत्राचा एखादा आवश्यक भाग वगळून अर्धवट यंत्र येतं. शिवाय यूपीएस, एसी, गॅस सिलिंडर आणि रेग्युलेटर हे कोटेशनमध्ये नसतात आणि त्यांच्याशिवाय यंत्र चालूही होत नाही. आयात उपकरण असेल तर सीमाशुल्काच्या सवलतीसाठी संस्थेची डीएसआयआर (केंद्राचा वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन विभाग) नोंदणी चालू आहे का, हे ऑर्डर देण्याआधी बघायचं. माल विमानतळावर येऊन पडल्यावर नाही.

दुसरी चूक फेलोच्या पगाराची. जेआरएफला (कनिष्ठ संशोधन फेलो) १ जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७ हजार आणि एसआरएफला (वरिष्ठ फेलो) ४२ हजार मिळतात. त्यावर घरभाडं. केंद्र सरकारच्या शहरांच्या वर्गवारीत कोल्हापूर वाय गटात येतं, त्यामुळे सध्याच्या २० टक्क्यांनी जेआरएफचे ७,४०० रुपये होतात. महिना ४४,४००, वर्षाचे पाच लाख बत्तीस हजार आठशे. जुना प्रस्ताव समोर ठेवून ३१ हजारांनी आकडेमोड केली की तिसऱ्या वर्षी फेलोला द्यायला पैसे उरत नाहीत, आणि नेमका तेव्हाच त्याचा प्रबंध लिहायचा असतो.

मंजुरीनंतरचा टप्पा सगळ्यात किचकट, आणि कुठल्याही राज्य विद्यापीठात आधार सर्वांत तोकडा पडतो तो इथंच. बऱ्याच केंद्रीय योजनांचा पैसा आता विद्यापीठाच्या खात्यात येऊन पडून राहत नाही. शून्य शिल्लक खातं असतं, त्यावर खर्चाची मर्यादा ठरवून दिलेली असते, आणि ३१ मार्चला न वापरलेली मर्यादा संपते. ऑक्टोबरात मर्यादा आली, डिसेंबरात खरेदी समिती बसली, फेब्रुवारीत निविदा उघडली, तर मार्चअखेर यंत्र बसून बिल पास होणं अशक्य. उपाय एकच. तांत्रिक तपशील आणि कोटेशनं मंजुरीपत्राची वाट न बघता तयार ठेवायची, आणि मर्यादा आल्या आठवड्यात इंडेंट, म्हणजे खरेदीची मागणी, टाकायचा. तपशील लिहिताना एकाच कंपनीच्या माहितीपत्रकातले आकडे जसेच्या तसे उतरवले तर दुसरी कंपनी हरकत घेते आणि निविदा परत जाते. मोजमाप काय हवं ते लिहा, यंत्राचं नाव ओळखू येईल असे आकडे नकोत.

यूसी म्हणजे विनियोग प्रमाणपत्र, केंद्राच्या वित्तीय नियमांतला १२-ए नमुना. वर्षाच्या मंजूर रकमेची यूसी आणि खर्चाचं विवरण गेलं नाही तर पुढचा हप्ता येत नाही, इतकं सरळ आहे. अडचण अशी की पीआयची (प्रकल्पप्रमुखाची) वही, वित्त विभागाची वही आणि सीएचा अहवाल या तिघांत काही शेकड्यांचा फरक निघतो, बहुतेक वेळा व्याज किंवा टीडीएसमुळे, आणि तो शोधण्यात जून-जुलै जातो. दर तिमाहीला वित्त विभागातून आपल्या प्रोजेक्टचा खातेउतारा घेऊन जुळवणी केली तर मार्चनंतर अर्ध्या दिवसाचं काम उरतं. विद्यापीठांनी प्रत्येक विज्ञान विभागासाठी एक प्रोजेक्ट अकाउंटंट नेमला तर दुसऱ्या कुठल्याही योजनेपेक्षा जास्त संशोधन होईल, असं आमचं ठाम मत आहे.

पेटंटच्या बाबतीत पैसा हे कारणच उरलेलं नाही. २०२१च्या दुरुस्तीनंतर शैक्षणिक संस्थांना शुल्कात ८० टक्के सवलत आहे. ऑनलाइन अर्ज १,६०० रुपयांत होतो, परीक्षणाची विनंती ४,००० रुपयांत. आधी तात्पुरता, म्हणजे प्रोव्हिजनल अर्ज टाकायचा, बारा महिन्यांत पूर्ण तपशील द्यायचा, आणि पहिल्या अर्जाच्या तारखेपासून ३१ महिन्यांच्या आत परीक्षण मागायचं. ही मुदत आधी ४८ महिने होती, मार्च २०२४ मध्ये कमी झाली. जुन्या सवयीनं चाललेल्यांचे अर्ज मुदत टळली की आपोआप मागे घेतल्याचं धरलं जातं.

घात होतो तो पेपरमुळे. जर्नलमध्ये छापून आलेलं, परिषदेत मांडलेलं, शोधगंगा या प्रबंधांच्या संकेतस्थळावर चढवलेल्या प्रबंधातलं, यातलं काहीही नंतर 'नवीन' म्हणून मागता येत नाही. कायद्यात बारा महिन्यांची सवलत आहे ती मोजक्याच प्रसंगांपुरती, तिच्या भरवशावर बसू नये. आणखी एक गोष्ट कोल्हापूरकरांसाठी खास. राधानगरी किंवा आंबा घाटाच्या जंगलातली वनस्पती वापरून केलेल्या शोधाला जैवविविधता कायदा लागतो. २०२३च्या दुरुस्तीनंतर भारतीय अर्जदारालाही पेटंट मंजूर होण्याआधी राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडे नोंदणी करावी लागते. आजीबाईच्या बटव्यातलं औषध असेल तर पारंपरिक ज्ञान म्हणून पेटंट कायद्याच्या ३(पी) कलमानुसार ते पेटंटमध्ये मुळातच बसत नाही. त्यातल्या घटकावर नवी प्रक्रिया केली असेल तरच पुढं जायचं.

स्टार्टअपसाठी विद्यापीठाची, कंपनी कायद्याच्या कलम ८ खालची (ना-नफा) एसयूके रिसर्च अँड डेव्हलपमेंट फाउंडेशन ही कंपनी आहे. वेगळी कंपनी असण्याचा फायदा मोठा. उद्योगाकडून पैसे घेणं, शेअर धरणं, करार करणं ही कामं विद्यापीठाच्या नियमावलीतून करायला गेलं तर मुलं पास होऊन निघून जातील.

शेअरवरून मात्र गैरसमज फार. २०१९च्या राष्ट्रीय नवोपक्रम आणि स्टार्टअप धोरणानुसार जागा, यंत्रं, मार्गदर्शन या बदल्यात संस्था साधारण २ ते ९.५ टक्के हिस्सा घेऊ शकते. मुलांना हे लुबाडणं वाटतं. खरं तर आपण काय घेतो आणि त्या बदल्यात किती देतो हे करारात लिहून घेतलं, तर हा सौदा वाईट नाही. त्याच धोरणात शिक्षकांनाही कंपनीत भाग घेता येतो, सल्लागार म्हणून कार्यालयीन वेळेच्या वीस टक्क्यांच्या आत राहिलं तर. आणि संस्थेची साधनं, पैसा आणि वेळ न वापरता मुलानं घरच्या वर्कशॉपमध्ये काही बनवलं असेल तर ते त्याचंच. म्हणून कोणतं काम कुठं झालं याची तारीखवार वही ठेवा, भांडण लागलं की तीच कामाला येते.

'कंपनी काढण्याआधी जा' असं वर म्हटलं त्याचं कारण घड्याळ. केंद्राच्या २०२१च्या सीड फंड (सुरुवातीचं भांडवल) योजनेत अर्जाच्या वेळी कंपनी दोन वर्षांच्या आतली असावी अशी अट होती. उत्साहात दुसऱ्या वर्षाला असताना प्रायव्हेट लिमिटेड काढली, प्रोटोटाइप पदवीनंतर झाला, की पात्रता गेलेली. शिवाय उलाढाल शून्य असली तरी ऑडिट चुकत नाही. वार्षिक विवरणपत्रं उशिरा भरली तर प्रत्येक फॉर्मला दिवसाला शंभर रुपये दंड, आणि व्यवसाय सुरू केल्याचं घोषणापत्र १८० दिवसांत न भरल्यास कंपनीला पन्नास हजारांचा दंड होऊ शकतो. बक्षीस समारंभात काढलेल्या कितीतरी कंपन्या अशा दंडाखाली गाडल्या जातात. त्यापेक्षा केंद्राच्या निधी-प्रयाससारख्या योजनेतून सुरुवात करावी. प्रोटोटाइपसाठी दहा लाखांपर्यंत मिळतात, पण हातात धरता येईल अशी वस्तू हवी, नुसत्या ॲपला नाही, आणि अर्ज ठरलेल्या प्रयास केंद्रांमार्फतच करायचा. जैवतंत्रज्ञानात काम असेल तर केंद्राच्या बायरॅक या संस्थेचं 'बिग' अनुदान आहे: पन्नास लाखांपर्यंत, अठरा महिने, अर्ज १ जानेवारी आणि १ जुलैला उघडतात, आणि व्यक्ती म्हणूनही अर्ज करता येतो. सरकारी ग्राहक हवा असेल तर राज्याच्या स्टार्टअप वीककडे लक्ष ठेवा, निवडलेल्यांना कामाची ऑर्डर मिळते.

आमच्या मते कच्चा दुवा आहे तो उद्यमनगरशी. शिवाजी उद्यमनगर, शिरोली आणि गोकुळ शिरगावची फौंड्री लाइन विद्यापीठापासून हाकेच्या अंतरावर, पण फुटलेलं कास्टिंग घेऊन कॅम्पसवर येणारे मालक विरळा. रासायनिक पृथक्करण शिरोलीतच तासाभरात होतं, त्यासाठी विद्यापीठाची गरज नाही. गरज आहे ती तुटलेल्या तुकड्याच्या पृष्ठभागाचा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली अभ्यास करायला, तडा कुठून सुरू झाला ते बघायला. आणि इथं मालकच पुरावा नष्ट करून आणतात. तुटलेले दोन तुकडे जुळतात का म्हणून एकमेकांवर दाबून बघतात, पाण्यानं धुतात, वर ग्राइंडर मारतात. तुकडा कोरडा ठेवा, कापडात वेगवेगळा गुंडाळा, पृष्ठभागाला बोटही लावू नका, आणि सोबत त्या हीटची (एका वेळी वितळवलेल्या धातूची) नोंद आणा. साच्यांसाठी वापरलेल्या वाळूचा प्रश्नही असाच पडून आहे. त्यावर इथल्या विभागांत विषय निघू शकतात, कारण कच्चा माल दहा किलोमीटरवर फुकट आहे.

अध्यापनातल्या प्रयोगांबद्दल थोडक्यात. नव्या शैक्षणिक धोरणाच्या रचनेत ऑन जॉब ट्रेनिंगला चार क्रेडिट, म्हणजे १२० तास. आठवड्यातून एक दुपार कारखान्यात पाठवण्यापेक्षा सलग तीन-चार आठवडे दिले तर मालकालाही मुलाला काम देता येतं. एक दुपार म्हणजे चहा आणि फोटो. मुलाचा विमा आणि सेफ्टी शूज कुणी द्यायचे हे आधी पत्रानं ठरवून घ्या. केंद्राच्या 'स्वयं' व्यासपीठावरचे ऑनलाइन कोर्स सत्राच्या ४० टक्क्यांपर्यंत चालतात, पण परीक्षेच्या तारखा विद्यापीठाच्या निकालाशी जुळत नाहीत आणि शेवटच्या सत्रातल्या मुलाचं गुणपत्रक अडतं. शेवटच्या सत्रात स्वयं घेऊ नये, एवढं पाळलं तरी पुष्कळ.

आणि आविष्कार. २००६ पासून चालणारी ही राज्य पातळीवरची संशोधन स्पर्धा पदवीच्या मुलांसाठी सगळ्यात स्वस्त आणि चांगला सराव आहे. सहा गटांतून योग्य गट निवडणं निम्मी लढाई. गुळाच्या पॅकिंगचा विषय शेतीत टाकायचा की अभियांत्रिकीत, यावर निकाल फिरतो. पोस्टरवर मजकूर कोंबू नका, परीक्षक दोन-तीन मिनिटं थांबतो आणि 'यात तुझं काय?' एवढंच विचारतो. पोस्टर लागलं की ते जाहीर झालं. त्यामुळे विषयात पेटंटसारखं काही असेल तर प्रोव्हिजनल अर्ज जिल्हा फेरीच्या आदल्या आठवड्यात जायला हवा, त्याला १,६०० रुपये आणि दहा-बारा नीट लिहिलेली पानं पुरतात.